नर्सिंगच्या वर्गात संघाधारित अध्ययन: गट पाडले, पण काम दोघीच करतात

प्रश्न (अध्यापिका, मेडिकल-सर्जिकल नर्सिंग)

गेली दोन वर्षे मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवत आहे. वर्गात 60 विद्यार्थी आहेत. निव्वळ व्याख्याने ऐकून ही मुले वॉर्डात निर्णय घ्यायला शिकणार नाहीत, हे पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आले. म्हणून गेल्या सत्रात मी हजेरीपटाच्या क्रमाने सहा-सहा जणांचे दहा गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकेक आजार देऊन त्यावर सादरीकरण करायला सांगितले. परिणाम मनासारखा झाला नाही. बहुतेक गटांत दोघींनीच खरे काम केले. उरलेल्यांपैकी एकीने लक्षणे उतरवून आणली, दुसऱ्याने औषधांची यादी आणली आणि आदल्या रात्री ते सारे एकत्र टाचले गेले. मधुमेहावर बोलणाऱ्या गटातील एका मुलाला मी इन्सुलिन टोचण्याच्या जागा विचारल्या, तेव्हा त्याने "मॅडम, तो माझा भाग नव्हता, मी आहाराचा भाग केला आहे" असे अगदी प्रामाणिकपणे सांगितले. ते उत्तर मला अजून सलते.

संघाधारित अध्ययनाची पद्धत परिचर्येच्या वर्गांत वापरली जाते, असे मी वाचले आहे. ती माझ्या या गटकामापेक्षा नेमकी कशात वेगळी आहे? सर्वांना सारखेच गुण दिले तर मेहनत करणाऱ्यांवर अन्याय होतो आणि वेगळे द्यावेत तर कोणी किती केले हे मला कळत नाही, या कोंडीतून वाट कशी काढावी? आणि तासातला इतका वेळ चर्चेला दिला तर अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार, हा माझ्या वरिष्ठांचा प्रश्न आहे; त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १ (ज्येष्ठ अध्यापिका)

मॅडम, त्या मुलाचे काहीच चुकलेले नाही, कारण आपण दिलेले कामच वाटून घेता येण्यासारखे होते. जे काम वाटता येते ते वाटले जाणार, आणि वाटले गेले की प्रत्येकाचा संबंध आपल्या तुकड्यापुरता उरणार, हे ठरलेलेच आहे. मीही अनेक वर्षे अशीच सादरीकरणे करून घेतली आणि दोष मुलांना दिला, याचे मला आज वाईट वाटते.

ज्या पद्धतीविषयी आपण विचारता ती लॅरी मायकेलसन यांनी ओक्लाहोमा विद्यापीठात 1970 च्या दशकाच्या अखेरीस व्यवस्थापनाच्या वर्गासाठी बसवली. त्यांचा 40 जणांचा वर्ग अचानक 120 जणांचा झाला होता आणि चर्चेवर चालणारे आपले शिकवणे त्यांना सोडायचे नव्हते. म्हणजे मोठा वर्ग ही या पद्धतीची अडचण नसून तिचा उगमच तिथे आहे. आपले 60 विद्यार्थी त्यासाठी मुळीच जास्त नाहीत.

तिचा क्रम असा. विद्यार्थी ठरलेला भाग घरून वाचून येतो. वर्गात आल्यावर दहाएक प्रश्नांची बहुपर्यायी चाचणी तो आधी एकट्याने, पुस्तक न उघडता सोडवतो आणि उत्तरपत्रिका देऊन टाकतो. लगेच तीच चाचणी, तेच प्रश्न, त्याचा संघ एकत्र बसून सोडवतो. संघाला खरवडायचे कार्ड मिळते, त्यावर बरोबर पर्यायाखाली खूण दडलेली असते. पहिल्याच प्रयत्नात ती सापडली तर 4 गुण, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 1 आणि त्यानंतर शून्य. अशी कार्डे मिळाली नाहीत तर उत्तरांवर चिकटपट्टी लावलेला कागदही चालतो, मी तोच वापरते. मुद्दा इतकाच की उत्तर चुकले हे संघाला त्याच क्षणी कळले पाहिजे आणि चर्चा पुन्हा सुरू झाली पाहिजे. एखादा प्रश्न चुकीचा किंवा संदिग्ध वाटला तर संघाने पुस्तकातील आधार दाखवून लेखी हरकत घ्यायची. हरकत मान्य झाली तर गुण फक्त त्याच संघाला मिळतात. ही हरकत लिहिताना मुले ज्या बारकाईने पुस्तक उघडतात तितके माझ्या व्याख्यानानंतर त्यांनी कधी उघडलेले मी पाहिले नाही. त्यानंतर जे कोणालाच नीट कळलेले नाही तेवढेच आपण दहा-पंधरा मिनिटांत समजावायचे. आपल्या वरिष्ठांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे: अभ्यासक्रमातील जो भाग मुलांना वाचून समजतो तो आपण पुन्हा वाचून दाखवत नाही, म्हणून वेळ उरतो.

उरलेला सगळा वेळ उपयोजनाचा, म्हणजे वाचलेले एखाद्या प्रसंगात वापरून पाहण्याचा, आणि या पद्धतीचा जीव त्यात आहे. प्रश्न खऱ्या कामातला हवा, सर्व संघांना एकच हवा, उत्तर म्हणजे एक नेमकी निवड हवी, आणि सर्व संघांनी आपली निवड एकाच क्षणी जाहीर करायला हवी. मी अ, ब, क, ड अशी मोठ्या अक्षरांची पुठ्ठ्याची कार्डे देते आणि माझ्या खुणेसरशी दहाही कार्डे वर होतात. माझा एक प्रश्न देते.

ड्यूटी सुरू होताच तुमच्याकडे चार रुग्ण आले आहेत. पहिल्याला काल मोडलेल्या पायावर शस्त्रक्रिया झाली असून तो वेदना दहापैकी आठ सांगतो. दुसरीची थायरॉइड ग्रंथी काल काढली आहे आणि तिच्या ओठांभोवती मुंग्या येत आहेत. तिसऱ्याची रक्तशर्करा 62 आहे, त्याला घाम फुटला आहे, पण तो शुद्धीवर आहे आणि गिळू शकतो. चौथ्याच्या पोटाच्या शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस आहे. त्याचा श्वसनाचा वेग सकाळी 16 होता तो आता 26 आहे आणि तो थोडा अस्वस्थ आहे. आधी कोणाकडे जाल?

पहिल्यांदा हा प्रश्न दिला तेव्हा पाच संघांनी दुसरी, तीन संघांनी चौथा आणि दोन संघांनी तिसरा रुग्ण निवडला. माझी निवड चौथा रुग्ण ही आहे, कारण त्याचा श्वास आत्ता बिघडतो आहे, आणि वाढलेला वेग व अस्वस्थपणा ही ऑक्सिजन कमी पडत असल्याची पहिली खूण असू शकते. पण दुसरी निवडणाऱ्या संघाने मुंग्या म्हणजे कॅल्शियम घसरल्याची सूचना, आणि ते फार घसरले तर स्वरयंत्र आकसून श्वासच अडकू शकतो, असे मांडले, आणि ते चूक नव्हते. तिसरा निवडणाऱ्या संघाला दुसऱ्या संघातील एका मुलीने विचारले, "तो गिळू शकतो, मग 15 ग्रॅम साखर त्याला सहकारी देऊ शकत नाही का? आपणच कशाला जायला हवे?" कोणते काम स्वतः करायचे आणि कोणते सोपवायचे, हा विषय मी त्या दिवशी शिकवणारच नव्हते, तो मुलांनी काढला. असा प्रश्न सहा जणांत वाटून घेता येत नाही. निर्णय एकच असल्यामुळे प्रत्येकाला चारही रुग्ण समजून घ्यावे लागतात.

संघ मात्र आपण स्वतः बांधावेत, पाच ते सात जणांचे, आणि सत्रभर बदलू नयेत. हजेरीपटाचा क्रम नको आणि मैत्रीचे गट तर मुळीच नकोत. ज्यांनी आधी रुग्णसेवेचे काही काम केले आहे, ज्यांचे वाचन चांगले आहे, ज्यांना हिशेब लवकर जमतो, अशांना सर्व संघांत विखरून टाकावे, आणि ते कसे विखुरले हे वर्गाला उघड सांगावे.

प्रतिसाद २ (वॉर्ड इन्चार्ज सिस्टर)

मी वर्गात शिकवत नाही, पण आपण शिकवलेली मुले पुढे माझ्याकडे येतात, म्हणून लिहिते.

आधी एकट्याने आणि मग संघाने, हा जो क्रम वरच्या ताईंनी सांगितला, तो वाचून मला आमची औषधांची दुहेरी तपासणी आठवली. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम अशा जोखमीच्या औषधांची मात्रा दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे काढायची असते. स्वतंत्रपणे याचा अर्थ दुसरीने पहिलीचा आकडा न पाहता. साधे सलाईनचे उदाहरण घ्या: 500 मिलिलिटर चार तासांत द्यायचे आहे, सेट, म्हणजे सलाईनची नळी, मिलिलिटरला 15 थेंबांचा आहे, तर मिनिटाला साधारण 31 थेंब येतात. पहिलीने घाईत 60 थेंबांचा सेट धरून 125 काढले आणि दुसरीला "125 आले, बरोबर ना?" असे विचारले, तर दुसरी मान हलवते. तिथे दोन सह्या होतात, पण तपासणी एकदाही झालेली नसते. आधी स्वतःचे उत्तर कागदावर उतरवायचे आणि मगच दुसऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहायचे, ही सवय वर्गातच लागली तर वॉर्डात ती आम्हाला नव्याने लावावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 1999 मध्ये तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी 44,000 ते 98,000 रुग्ण दगावत असल्याचा अंदाज मांडला, आणि त्यानंतर आरोग्यसेवेतील सांघिक कामाच्या शिक्षणाकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले. 2006 मध्ये अमेरिकेतच टीमस्टेप्स हा सांघिक कामाचा प्रशिक्षणक्रम आला. त्यातील तीन वाक्यांची चढती भाषा मी प्रत्येक नव्या मुलीकडून म्हणवून घेते: मला काळजी वाटते, मला हे योग्य वाटत नाही, हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पहिल्यांदा सांगून ऐकले गेले नाही तर तीच गोष्ट पुन्हा सांगायची, असाही त्यात नियम आहे. ज्येष्ठ सिस्टरला किंवा डॉक्टरांना हे म्हणताना मुलींचा आवाज फुटत नाही. आपल्या बरोबरीच्या पाच जणांसमोर "थांबा, मला हे पटत नाही" असे जिला वर्गात कधी म्हणावे लागले नाही, तिला ते रात्रपाळीत एकाएकी म्हणता येईल, अशी अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो?

प्रतिसाद ३ (विद्यार्थिनी, तिसरे वर्ष)

मी या पद्धतीने एक विषय शिकले आहे. मी वर्गात फारशी बोलत नाही. पहिल्या संघ-चाचणीत एका प्रश्नाचे बरोबर उत्तर मी एकटीच्या चाचणीत लिहिले होते. संघात मात्र आमच्यातील एक मुलगा इतक्या ठामपणे दुसरे उत्तर सांगत होता की मी गप्प राहिले. कार्ड खरवडल्यावर उत्तर चुकले. "कोणाचे वेगळे होते का?" असे एकीने विचारले तेव्हा मी हळूच हात वर केला. कोणी रागावले नाही, पण पुढच्या प्रश्नापासून तोच मुलगा आधी माझ्याकडे वळून "तुझे काय आहे?" असे विचारू लागला. आमच्या शिक्षिकेने गटातील गप्प मुलांना बोलते करायला सांगितले असते तर हे झाले नसते, असे मला वाटते, कारण मी बोलावे ही गरज त्या दिवशी संघालाच कळली.

मात्र एक सांगावेसे वाटते. पहिले काही आठवडे आम्हाला शिक्षिका आपले काम टाळत आहेत असेच वाटत होते आणि आम्ही आपापसांत तसे बोलतही होतो. ही पद्धत का वापरत आहोत, हे पहिल्याच तासाला मोकळेपणाने सांगितले असते तर बरे झाले असते. शिवाय एका तासासाठी साठ पाने वाचायला दिली तर कोणीच काही वाचत नाही. दहा-पंधरा पाने असतील आणि त्यांत काय शोधायचे हे सांगितलेले असेल तर वाचून येणे जमते, पोस्टिंग चालू असतानासुद्धा.

प्रश्नकर्ती अध्यापिका

सर्वांचे मनापासून आभार. वाटून घेता येणारे काम आणि वाटून न घेता येणारा निर्णय हा फरक इतका स्पष्ट मला आजवर दिसला नव्हता. गुणांविषयी मात्र अजून विचारायचे आहे. एकट्याच्या चाचणीचे गुण ज्याचे त्याला मिळतील, संघाचे गुण संघाला मिळतील. पण संघात बसून काहीच न करणाऱ्याचे काय? मुलांनी एकमेकांना गुण द्यावेत, असे मी वाचले. आमची मुले एकमेकांना दहापैकी दहा देऊन मोकळी होतील, याची मला खात्री आहे.

प्रतिसाद ४ (अध्यापक, नर्सिंग फाउंडेशन)

सर्वसाधारण गुण द्यायला सांगितले तर तसे होईलच. त्यावर मायकेलसन यांचा उपाय असा की सहा जणांच्या संघात प्रत्येकाने उरलेल्या पाच जणांमध्ये 50 गुण वाटायचे आणि निदान एकाला दहाहून जास्त व एकाला दहाहून कमी द्यायचेच. मी हा नियम एक सत्र वापरला आणि सोडून दिला. वसतिगृहात एका खोलीत राहणाऱ्या मुलींना कोणाला तरी कमी ठरवायला भाग पाडले, तर त्या चिठ्ठ्या टाकून किंवा पाळीपाळीने गुण कमी करतात, आणि त्या आकड्याला मग काही अर्थ उरत नाही. आता मी सत्रात दोनदा प्रत्येकाकडून प्रत्येक सहकाऱ्यासाठी दोन वाक्ये लिहून घेतो: तुझी कोणती गोष्ट संघाच्या उपयोगी पडते आणि कोणती बदललीस तर आणखी उपयोग होईल. नावे काढून ती वाक्ये मी ज्याची त्याला देतो. पहिल्या खेपेला गुण नसतात. दुसऱ्या खेपेला थोडेसे असतात, आणि ते लिहिलेल्या वाक्यांच्या नेमकेपणाला असतात. वरच्या ताईंचे मत याबाबत वेगळे असू शकेल.

कामचुकारपणाविषयी थोडे. फ्रेंच अभियंता रिंगेलमान यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगांवरून 1913 मध्येच दाखवून दिले होते की माणसे वाढली की दरडोई ओढ कमी होते. पुढे 1979 मध्ये मानसशास्त्रज्ञ बिब लाटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांत तेच पाहिले, आणि ज्याचा त्याचा आवाज वेगळा मोजला जात आहे असे लोकांना वाटले की ही शिथिलता जाते, हेही त्यानंतर दिसून आले. म्हणून सारा भार सहकाऱ्यांच्या गुणांवर टाकण्यापेक्षा एकट्याच्या चाचणीला पुरेसे वजन द्यावे. मॅडमच्या सादरीकरणात कोणाचाच आवाज वेगळा मोजला जात नव्हता.

आता माझा आक्षेप, आणि तो मी मनापासून नोंदवतो. ही पद्धत निर्णय शिकवते, हात शिकवत नाही. मूत्रनलिका घालताना निर्जंतुकता राखणे, शिरेत सुई लावणे, जखमेचे ड्रेसिंग करणे, ही कामे प्रत्येकाने स्वतः, पुन्हा पुन्हा आणि कोणाच्या तरी नजरेखाली केली पाहिजेत. एक करते आणि पाच बघतात, अशी प्रात्यक्षिके आजही सांघिक अध्ययन या नावाखाली खपवली जातात. त्या पाच जणी पुढे खऱ्या रुग्णावर पहिला प्रयत्न करतात. कौशल्याची तपासणी एकेकाचीच व्हावी आणि तिथे संघाचे गुण मिसळू नयेत.

दुसरे असे की शिक्षकाचे काम यात कमी होत नाही. एका घटकासाठी चांगले प्रश्न तयार करायला मला व्याख्यानाच्या तयारीहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून पहिल्या सत्रात एकच घटक घ्यावा. एका तासात सारे बसत नाही, तेव्हा चाचण्या एका दिवशी आणि उपयोजन दुसऱ्या दिवशी घ्यावे. बाके हलत नसतील तर पुढच्या ओळीतील तिघांनी मागे वळून बसावे. सहा जणांचा संघ तेवढ्यात जमतो.

प्रश्नकर्ती अध्यापिका

सर, आपला आक्षेप मान्य आहे. प्रात्यक्षिके मी यातून वेगळीच ठेवीन. पहिल्या प्रयत्नासाठी रक्तसंक्रमण हा घटक निवडला आहे. उपयोजनाचा एक प्रश्न तयार केला आहे, तो कृपया पाहावा.

रक्त चढवायला सुरुवात होऊन दहा मिनिटे झाली आहेत. रुग्णाला थंडी वाजू लागली, कंबर दुखते आहे आणि ताप चढला आहे. परिचारिकेची पहिली कृती कोणती? अ) डॉक्टरांना कळवणे, ब) रक्त थांबवणे, क) रुग्णाला पांघरूण घालणे, ड) रक्ताचा वेग कमी करणे.

प्रतिसाद १ (ज्येष्ठ अध्यापिका)

हा प्रश्न चांगला आहे, पण तो एकट्याच्या चाचणीत घालावा. रक्त थांबवायचे हे पुस्तकात एका ओळीत सापडते, वाचून आलेल्या सर्व संघांचे कार्ड "ब" असेच वर होईल आणि चर्चा तिथेच संपेल. पांघरुणाचा पर्याय तर कोणीच निवडणार नाही.

तोच प्रसंग थोडा पुढे न्या. वॉर्डात एकाच आडनावाचे दोन रुग्ण आहेत, दोघांच्या रक्ताच्या पिशव्या एकाच वेळी आल्या आणि दोघांनाही रक्त सुरू झाले आहे. त्यांपैकी एकाला हा त्रास झाला. परिचारिकेने त्याचे रक्त थांबवले, नवा सेट लावून नॉर्मल सलाईन सुरू केले. सहकारी त्याच्याजवळ थांबून नाडी आणि रक्तदाब पाहत आहे आणि डॉक्टरांना निरोप गेला आहे. आता परिचारिकेने सर्वांत आधी काय करावे? अ) रक्तपेढीला कळवावे, ब) त्रास झालेल्या रुग्णाच्या रक्ताचा नमुना घ्यावा, क) दुसऱ्या रुग्णाकडे जाऊन त्याचे रक्त थांबवावे आणि पिशवी व मनगटपट्टी ताडून पाहावी, ड) उरलेली पिशवी आणि सेट रक्तपेढीत पाठवण्याची तयारी करावी.

चारही कामे करायचीच आहेत, त्यामुळे एकही पर्याय उघड चुकीचा नाही. पिशव्यांची अदलाबदल झाली असेल तर दुसऱ्या रुग्णाच्या शरीरात या क्षणी चुकीचे रक्त जात असेल, हे एखाद्या संघाच्या लक्षात येते का ते पाहा. कार्डे वर झाल्यावर आपले उत्तर लगेच सांगू नका. "अ" निवडणाऱ्या संघाला आधी बोलू द्या.